दोनशे औषधांची नावं डोक्यात कशी लावायची

तोंडी परीक्षेत समोर बसलेली मुलगी प्रोप्रॅनोलॉल या रक्तदाबाच्या औषधाबद्दल घडाघडा बोलली. गट, काम, दुष्परिणाम, कुणाला द्यायचं नाही, सगळं. दम्याचा उल्लेखही झाला. मग मी विचारलं, "दम्याचा पेशंट आहे, रक्तदाबही आहे. कुठल्या गोळ्या टाळशील?" ती छताकडे बघत राहिली. दोन मिनिटांपूर्वी जे तिच्याच तोंडून बाहेर पडलं होतं, तेच तिला सापडेना.

मी नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना औषधशास्त्र शिकवते. हे इतक्यांदा पाहिलंय की आता मी त्याला 'अभ्यास कमी पडला' म्हणत नाही. अभ्यास भरपूर झालेला असतो, पण माहिती एकाच बाजूने उघडते. औषधाचं नाव घ्या, बाकीचं सुरसुर बाहेर येतं. दम्याच्या बाजूने तिथे जायची वाटच कधी पाडलेली नसते. पुस्तक नावांप्रमाणे लावलेलं, म्हणून डोकंही तसंच लागलं. वॉर्डात मात्र समोर माणूस असतो, आणि त्याला धाप लागलेली असते.

त्यावर मी जे करून घेते ते इथे लिहिते. उदाहरणं औषधांची आहेत कारण मला तीच येतात. वनस्पतींची कुळं असोत की कायद्याची कलमं, पद्धत तीच राहते.

चिठ्ठ्या पसरा

एका चिठ्ठीवर एकच नाव. पहिल्या दिवशी चाळीस पुरे. पुस्तक मिटायचं, चिठ्ठ्या जमिनीवर पसरायच्या आणि ढीग करायचे. कशावरून करायचे हे मी सांगत नाही. "ही इकडे की तिकडे?" म्हणून जी हुज्जत चालते, अभ्यास तिथेच होतो. मी तयार तक्ता हातात दिला की ती हुज्जत माझ्या डोक्यात झालेली असते, त्यांच्या नाही.

ढीग करणं हा डोक्याचा स्वभावच आहे. बाउसफिल्ड नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९५३ मध्ये लोकांना साठ शब्द ऐकवले: प्राणी, भाज्या, व्यवसाय, माणसांची नावं, सगळे एकमेकांत मिसळलेले. लोकांनी ते आठवून लिहिले तेव्हा प्राणी प्राण्यांपाशी आणि भाज्या भाज्यांपाशी गोळा झाले होते, कुणी सांगितलेलं नसताना. आणि हा स्वभाव आधीच हाताशी धरला तर? १९६९ मध्ये बावर आणि सहकाऱ्यांनी ११२ शब्द दोन गटांना दाखवले. एका गटाला खनिजं, मग त्यांत धातू आणि दगड, मग धातूंचे प्रकार अशा उतरंडीने. दुसऱ्याला तसल्याच आकृतीत, पण शब्द वाटेल तसे टाकून. पहिल्याच फेरीत एका गटाला सरासरी ७३ शब्द आठवले, दुसऱ्याला २१ च्या आसपास. मी हे आकडे वर्गात फळ्यावर लिहिते. घोकंपट्टीवर श्रद्धा असलेल्यांचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा होतो.

पहिला ढीग जवळजवळ नेहमी आवाजावरून होतो. 'लॉल'वाल्या एकीकडे, 'प्रिल'वाल्या दुसरीकडे. चालेल, नावांना त्या शेपट्या मुद्दामच लावलेल्या असतात. पण एरिपिप्राझोलची चिठ्ठी दर वर्षी न चुकता ओमेप्राझोल आणि पँटोप्राझोलच्या, म्हणजे पोटातलं आम्ल कमी करणाऱ्यांच्या ढिगात जाऊन बसते. ते औषध स्किझोफ्रेनियासारख्या मानसिक आजारांचं. मी तेव्हा काही बोलत नाही. १९८१ मध्ये ची, फेल्टोविच आणि ग्लेसर यांनी भौतिकशास्त्राच्या गणितांचे असेच ढीग करून घेतले होते. नवख्यांनी 'उताराची', 'स्प्रिंगची' असे केले. मुरलेल्यांनी कुठला नियम लागतो त्यावरून केले. म्हणून चिठ्ठ्या मोडून दुसरा ढीग: शरीरात काय करतं, त्यावरून. एरिपिप्राझोल आपोआप उठून जातं.

तिसरा ढीग बहुतेक जण टाळतात, आणि माझ्या मते खरा तोच. पेशंटवरून: दमा, गरोदरपण, मूत्रपिंड अधू असलेला माणूस. इथे एकच चिठ्ठी दोन-तीन ठिकाणी हवी असते. रामिप्रिल रक्तदाबातही हवं आणि 'गरोदरपणात नको' या ढिगातही. मग नव्या चिठ्ठ्या लिहा. कपाटात एक वस्तू एकाच खणात बसते, डोक्याला ती सक्ती नाही. उलट जितक्या ढिगांत ती सापडेल, तितक्या वाटांनी तिच्यापर्यंत पोहोचाल.

घरातला एकच माणूस नीट ओळखा

प्रत्येक ढिगातलं एक औषध पूर्ण शिकायचं, बाकीच्यांचा फक्त फरक. बीटा ब्लॉकरमध्ये, म्हणजे हृदयाचा वेग आवरणाऱ्या 'लॉल'वाल्या गटात, मी प्रोप्रॅनोलॉल घेते, कारण त्या गटाचं बरंवाईट सगळं त्यात ढळढळीत दिसतं: नाडी मंदावते, रक्तदाब उतरतो, श्वासनलिका आवळतात. मग मेटोप्रोलॉलच्या चिठ्ठीवर एवढंच: 'हृदयावर जास्त, श्वासनलिकांवर कमी, तरी दम्यात जपून.' कार्वेडिलॉलवर: 'अल्फाही (रक्तवाहिन्या आवळणारे रिसेप्टर) अडवतं.' संपलं.

यामागे जुनी कल्पना आहे. कॉलिन्स आणि क्विलियन यांनी १९६९ मध्ये मांडलं की 'कॅनरीला (एक गाणारा पक्षी) कातडी असते' हे मन कॅनरीपाशी लिहून ठेवत नाही. ते वर, 'प्राणी' या नावापाशी एकदाच ठेवतं. 'कॅनरी गाते' हे चटकन खरं म्हणता येतं, कातडीचं म्हणायला थोडा जास्त वेळ लागतो, कारण दोन पायऱ्या चढाव्या लागतात. ही उतरंड पुढे तशीच टिकली नाही. पेंग्विन आणि चिमणी दोघंही 'पक्षी'पासून एकच पायरी खाली, पण चिमणी पक्षी आहे हे आपण लवकर म्हणतो. एलेनॉर रॉश यांनी सत्तरच्या दशकात दाखवलं की गटाच्या मधोमध काही अस्सल सभासद असतात आणि कडेला पेंग्विनसारखे. मला दोन्हीतलं हवं ते मी उचलते: सामाईक गोष्ट एकदाच वर लिहा, आणि मधोमधचा सभासद आधी शिका. पेंग्विनपासून सुरुवात केली की पक्षी कळत नाहीत.

'का'चा धागा

इथे घाई करू नका. एसीई इन्हिबिटरच्या, म्हणजे रामिप्रिलसारख्या 'प्रिल'वाल्या गोळ्यांच्या, चिठ्ठीवर मुली तीन ओळी लिहितात: रक्तदाब कमी, पोटॅशियम वाढतं, कोरडा खोकला. तीन सुटे मणी. परीक्षेच्या दिवशी त्यातला एक हमखास गळतो. मग मी विचारते, खोकला का? रक्तदाबाच्या गोळीचा घशाशी काय संबंध?

शरीरात एसीई नावाचं एक एन्झाइम आहे. ते अँजिओटेन्सिन दोन तयार करतं. त्याने रक्तवाहिन्या आवळतात, शिवाय अल्डोस्टेरॉन नावाचं संप्रेरक सुटतं. गोळी त्या एन्झाइमला अडवते, वाहिन्या सैलावतात, दाब उतरतो. अल्डोस्टेरॉन कमी झाल्याने लघवीतून जाणारं पोटॅशियम आत राहतं. आणि तेच एन्झाइम ब्रॅडिकायनिन नावाचा पदार्थ मोडायचंही काम करतं; ते थांबलं की ब्रॅडिकायनिन साचतं आणि खोकला येतो. आता एक मणी गळला तरी धागा ओढून परत आणता येतो. पुढचा गटही फुकटात मिळतो: लोसार्टनसारखी औषधं एन्झाइमला हात न लावता पुढे रिसेप्टरपाशी, म्हणजे अँजिओटेन्सिन दोन जिथे जाऊन चिकटतं तिथे, आडवी येतात, म्हणून खोकला क्वचित, पण पोटॅशियमकडे लक्ष तसंच हवं.

एखाद्या ओळीला 'का' सापडलाच नाही, तर ती तशीच पाठ करा. अशा ओळी थोड्या असतात, तेवढी घोकंपट्टी सोसवते.

कोरा कागद

मी स्वतः शिकत होते तेव्हा रंगीत पेनांनी गटांचे नकाशे काढायचे. सुरेख दिसायचे. पुस्तक उघडं ठेवून काढलेले होते, आणि त्यातलं मला फार थोडं येत होतं. कार्पिक आणि ब्लंट यांनी २०११ मध्ये हीच तुलना केली: काहींनी मजकूर समोर ठेवून संकल्पनांचे नकाशे काढले, काहींनी मजकूर बाजूला ठेवून आठवेल ते लिहिलं. आठवड्याने दुसऱ्यांना जास्त येत होतं, अगदी परीक्षेत नकाशाच काढायला सांगितला तरी. म्हणून नकाशा काढा, पण पुस्तक मिटून. आधी कोरा कागद, मग पुस्तक, मग राहिलेलं लाल पेनने. दुसऱ्या दिवशी पुन्हा, चार दिवसांनी पुन्हा, पंधरवड्याने एकदा. लाल शाई कमी होत गेली पाहिजे.

प्रश्न उलटे घाला. 'प्रोप्रॅनोलॉलचे दुष्परिणाम लिहा' हा तर यावाच. त्यापुढे: नाडी ४८ आहे, कोणावर संशय? मधुमेही माणसाची साखर उतरली तरी छाती धडधडली नाही, का? (बीटा ब्लॉकरने ती खूण झाकली. घाम मात्र येतो.) हे प्रश्न जोडीने बसून एकमेकींना घालावेत. स्वतःला घातलेले प्रश्न फार मऊ असतात.

साचा खोटंही भरतो

एकदा गट पक्का झाला की तो न वाचलेलंही पुरवतो. ब्रुअर आणि ट्रेयन्स यांनी १९८१ मध्ये लोकांना एका ऑफिसच्या खोलीत थोडा वेळ थांबवलं आणि नंतर तिथे काय काय होतं ते विचारलं. काहींनी पुस्तकं होती म्हणून सांगितलं. खोलीत एकही पुस्तक नव्हतं, पण ऑफिसात ती असतात ना! मीही एकदा फळ्यावर सार्टन (लोसार्टनच्या) गटापुढे ठळक अक्षरात 'कोरडा खोकला' लिहून मोकळी झाले होते. मागच्या बाकावरून एकीने हात वर केला आणि मी निमूट पुसलं. तेव्हापासून प्रत्येक ढिगावर एक वेगळी चिठ्ठी ठेवते: 'या गटात असेल असं वाटतं, पण नाही.' आणि प्रत्यक्ष मात्रा देताना आठवणीवर जायचंच नाही, चार्ट उघडायचा.

काम झालं की चिठ्ठ्या ढिगांप्रमाणे रबर लावून ठेवू नका. पत्त्यांसारख्या पिसा आणि एकाच डब्यात टाका, म्हणजे पुढच्या वेळी पुन्हा जमिनीवर पसराव्या लागतील.