पॉक्सो प्रकरणात मुलाची सहाय्यक व्यक्ती म्हणून काम कसे करावे

लैंगिक अत्याचाराचा गुन्हा नोंदवला गेल्यापासून निकाल लागेपर्यंत मुलाला पोलीस, डॉक्टर, दंडाधिकारी, बालकल्याण समिती, सरकारी वकील आणि विशेष न्यायाधीश अशा कितीतरी अनोळखी माणसांना सामोरे जावे लागते आणि त्यांतील बहुतेकांचा संबंध एखाद्या टप्प्यापुरताच असतो. सुरुवातीपासून अखेरपर्यंत मुलाच्या सोबत राहावे म्हणून पॉक्सो कायद्याखालील (लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा कायदा) २०२० च्या नियमांनी एका माणसाची तरतूद केली आहे. कागदोपत्री त्याला सहाय्यक व्यक्ती म्हणतात. कोर्टाच्या आवारात मात्र सगळे ‘सपोर्ट पर्सन’च म्हणतात. हे काम स्वीकारू इच्छिणाऱ्यांसाठी पुढील माहिती लिहिली आहे.

आपण काय नाही, हे आधी पक्के समजून घ्यावे. सहाय्यक व्यक्ती मुलाची वकील नसते. खटला सरकारी वकील चालवतात आणि कुटुंबाला स्वतंत्र वकील हवा असेल तर कलम ४० प्रमाणे तो घेता येतो, ऐपत नसल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरण तो देते. सहाय्यक व्यक्ती तपास अधिकारीही नसते, म्हणून नेमके काय घडले हे मुलाकडून पुन्हा वदवून घेण्याचा अधिकार तिला नाही आणि त्याची गरजही नाही. ते ऐकण्याची उत्सुकता स्वतःमध्ये जाणवली, तर ती वेळीच ओळखून बाजूला ठेवावी. मुलाला पुढे काय होणार आहे ते खरेखरे सांगणे आणि मुलाला काय हवे आहे, कशाची भीती वाटते, ते योग्य अधिकाऱ्यापर्यंत पोहोचवणे एवढेच हे काम आहे, आणि ते निभावताना दमछाक होते.

नावनोंदणी जिल्हा बाल संरक्षण कक्षात होते, कारण सहाय्यक व्यक्तींची यादी ठेवण्याची जबाबदारी त्या कक्षाची आहे. समाजकार्य, मानसशास्त्र किंवा बालविकास यांतील शिक्षण, अथवा मुलांसोबत काम केल्याचा अनुभव पाहिला जातो. प्रत्यक्ष नेमणूक बालकल्याण समिती करते आणि त्यासाठी मूल व पालक यांची संमती लागते. गुन्ह्याची माहिती मिळाल्यापासून २४ तासांच्या आत पोलिसांनी समितीला कळवायचे असते आणि नेमणूक झाल्यावर विशेष न्यायालयालाही २४ तासांत लेखी कळवायचे असते. हे दुसरे पत्र खरोखर गेले की नाही, याची खात्री स्वतः करून घ्यावी आणि नेमणूक आदेशाची प्रत कायम पिशवीत ठेवावी. ती नसेल तर न्यायालयाच्या दारावरचा शिपाई तुम्हाला बाहेरच थांबवील, आणि त्यात त्याचे काही चुकणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे की, अशी व्यक्ती मिळू शकते हे प्रत्येक प्रकरणात पालकांना सांगितले गेलेच पाहिजे. तरीही अनेक कुटुंबांना ही सोय आरोपपत्र दाखल झाल्यावर कळते.

पहिली भेट मुलाच्या घरी किंवा मूल म्हणेल त्या जागी घ्यावी. त्या भेटीत घटनेविषयी एक शब्दही काढू नये. आपले नाव, आपण कोण, किती दिवसांनी भेटणार आणि कोणत्या कामात उपयोगी पडणार एवढे सांगितले तरी पुष्कळ झाले. मूल लहान असेल तर कागद आणि खडू घेऊन जावे, पण चित्रातून अर्थ काढत बसू नये. “तू मला सांगितलेले मी कुणालाच सांगणार नाही,” असे वचन मात्र देऊ नये. गोपनीयता पाळणे तुमच्यावर बंधनकारक आहे हे खरे. परंतु मुलाने आणखी एखाद्या अत्याचाराविषयी सांगितले, तर कलम १९ नुसार ते पोलिसांना कळवणेही तितकेच बंधनकारक आहे. म्हणून आरंभीच असे सांगावे: “तुझ्या गोष्टी मी शेजाऱ्यांना, शाळेत, कुणालाही सांगणार नाही. पण तुला कुणी त्रास देत असेल, तर तो थांबवण्यासाठी काही माणसांना मला सांगावे लागेल, आणि ते आधी मी तुला सांगेन.”

खोट्या वचनाची दुसरी जागा म्हणजे तारीख. माझ्या सुरुवातीच्या एका प्रकरणात नऊ वर्षांच्या मुलीला मी उत्साहाने म्हटले, “आज तुझे काम संपेल.” सकाळी अकरापासून आम्ही बाकावर बसलो, चार वाजता पुढची तारीख पडली, आणि त्यानंतर ती मला प्रत्येक वेळी विचारायची, “आज खरंच की तसंच?” न्यायालयाने गुन्ह्याची दखल घेतल्यापासून मुलाची साक्ष ३० दिवसांत नोंदवावी, उशीर झाल्यास कारण नोंदवावे आणि खटला शक्यतो वर्षभरात संपवावा, असे कलम ३५ म्हणते; त्यातील ‘शक्यतो’ हा शब्द मुलाला प्रामाणिकपणे समजावून द्यावा लागतो.

साक्षीपूर्वीची तयारी हा या कामातील सर्वांत नाजूक भाग आहे, कारण तयारी आणि पढवणे यांतील सीमा ओलांडली गेली तर उलटतपासणीत संपूर्ण साक्ष संशयास्पद ठरू शकते. काय बोलायचे हे कधीही सांगू नये. जबाब वाचून पाठ करून घेऊ नये. आईला तसे करताना पाहिले तर तिलाही थांबवावे. जे सांगता येते तेही भरपूर आहे. तारखेच्या काही दिवस आधी, सरकारी वकिलांमार्फत परवानगी घेऊन, मुलाला रिकामे न्यायदालन दाखवावे: न्यायाधीश कुठे बसतात, टंकलेखन कोण करते, मूल कुठे उभे राहील किंवा बसेल. वकिलांनी प्रश्न थेट मुलाला विचारायचे नसून न्यायाधीशांमार्फत विचारायचे असतात, हे कलम ३३ मध्ये आहे. मध्ये विश्रांती मागता येते. आक्रमक प्रश्न किंवा चारित्र्यावर शिंतोडे उडवणारे प्रश्न न्यायालयाने थांबवायचे असतात. “मला प्रश्न कळला नाही”, “मला आठवत नाही” आणि “मला पाणी हवे” ही तीन वाक्ये म्हणण्याची मुभा आहे, एवढे मुलाला कळले तरी त्याचे खांदे सैल होतात. “तुला कोणी शिकवले का?” असा प्रश्न हमखास येतो. आपण भेटलो, न्यायालय पाहिले, हे मुलाने मोकळेपणाने सांगितले तर काहीच बिघडत नाही, आणि म्हणूनच लपवावे लागेल असे काही आपण करायचे नाही.

साक्षीच्या दिवशी आरोपी मुलाच्या नजरेस पडू नये, अशी तरतूद कलम ३६ मध्ये आहे. पडदा, एकाच बाजूने दिसणारी काच किंवा व्हिडिओ कॉन्फरन्स यांपैकी मुलाला काय सोयीचे वाटते ते आधीच लेखी कळवावे. परंतु न्यायदालनात पडदा लावला तरी बाहेरचा व्हरांडा कोण सांभाळणार? माझ्या अनुभवात मुले आरोपीला पाहतात ती तिथेच, जिन्यात, चहाच्या टपरीपाशी, स्वच्छतागृहाच्या रांगेत. त्यामुळे पैरवी अधिकाऱ्याला, म्हणजे खटल्याचे न्यायालयीन काम पाहणाऱ्या पोलिसाला, आदल्या दिवशी फोन करून आरोपीला कोणत्या वेळी आणि कोणत्या दाराने आणणार हे विचारावे, आणि पुकारा होईपर्यंत मुलाला असुरक्षित साक्षीदारांच्या (म्हणजे मुलांसारख्या, साक्ष देताना विशेष संरक्षण लागणाऱ्या साक्षीदारांच्या) कक्षात बसवावे. प्रत्येक जिल्ह्यात असे साक्ष केंद्र असावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातीलच एका प्रकरणात २०२२ मध्ये दिला आहे. केंद्र अद्याप नसेल तर लिपिकाच्या खोलीतील एखादी खुर्चीसुद्धा चालते. मागायला लाजू नये. सोबत डबा, पाण्याची बाटली आणि मुलाच्या आवडीची एखादी वस्तू असावी. आत बसताना मुलाच्या थेट समोर बसू नये, मान हलवू नये, डोळ्यांनी धीरही देऊ नये. बचाव पक्षाचे वकील तो इशारा असल्याचे म्हणू शकतात.

समितीला दरमहा अहवाल द्यायचा असतो. त्यात ‘मूल ठीक आहे’ असे लिहून काही उपयोग होत नाही. “रात्री दिवा बंद करू देत नाही; या महिन्यात अकरा दिवस शाळेत गेली नाही; वर्गशिक्षिकेने बाक बदलून दिला आहे; समुपदेशनाची दुसरी भेट प्रवासखर्चाअभावी चुकली,” असे लिहिले की समितीला काय करायचे ते दिसते. जे पाहिले ते आणि जे कुणी सांगितले ते वेगवेगळे लिहावे, आणि घटनेचा तपशील अहवालात आणू नये.

पैशाचा विषय संकोचाने टाळला जातो, तो टाळू नये. अन्न, कपडे, प्रवास यांसारख्या तातडीच्या गरजांसाठी समिती शिफारस करू शकते आणि ती मिळाल्यापासून आठवड्याच्या आत रक्कम द्यायची असते. अंतरिम भरपाईचा आदेश विशेष न्यायालय गुन्हा नोंदवल्यानंतर केव्हाही देऊ शकते. त्यासाठी दोषसिद्धीची वाट पाहावी लागत नाही. महाराष्ट्रात मनोधैर्य या पीडितांसाठीच्या अर्थसाहाय्य योजनेखालील अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जातो. बँक खाते, आधार आणि एफआयआरची प्रत पहिल्याच महिन्यात जमवून ठेवावी.

आरोपी घरातलाच असेल तर कसोटी वेगळी असते. काका तुरुंगात गेल्यावर घराचा हप्ता कोण भरणार, या प्रश्नापुढे आजीचे रडणे आणि आईचे गप्प बसणे मुलाला आपोआप दिसते, आणि साक्षीदार फितूर होण्याची सुरुवात अनेकदा अशा एखाद्या जेवणाच्या ताटावर होते. मुलाने साक्ष द्यावी म्हणून आपण आग्रह धरू नये. मात्र धमकी किंवा आमिष कळले तर त्याच दिवशी तपास अधिकारी, सरकारी वकील आणि समिती यांना लेखी कळवावे. २०१८ च्या साक्षीदार संरक्षण योजनेखाली अर्जही करता येतो. आरोपीच्या जामीन अर्जाची माहिती कुटुंबाला मिळणे हा त्यांचा हक्क आहे, त्यामुळे तारखा विचारत राहाव्यात.

निकालाच्या दिवशी मूल न्यायालयात नसले तरी चालते, पण निकाल त्याला वर्तमानपत्रातून किंवा गल्लीतून कळता कामा नये. शिक्षा झाली असेल तर अपील होऊ शकते हे सांगावे. निर्दोष सुटका झाली असेल तर आधी निकालपत्र मिळवून वाचावे, आणि त्यात पुरावा अपुरा ठरल्याचे म्हटले असेल, तर नेमके तेच मुलाला सांगावे: “न्यायालयाला पुरावा पुरेसा वाटला नाही. तू खोटे बोललीस असे त्यांनी म्हटलेले नाही.” त्यानंतर एक-दोन भेटी आधी ठरवूनच घ्याव्यात, शेवटची भेट कोणती हे मुलाला अगोदर कळवावे, प्रलंबित भरपाईचा अर्ज कोण पाहणार त्याचे नाव पालकांना लिहून द्यावे आणि अंतिम अहवालासह सर्व कागद समितीच्या स्वाधीन करावेत.