नवतपा, म्हणजे मेअखेरीचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागायच्या आधी सोसायटीत एवढं बघून घ्या

सुरुवात मीटर रूमपासून करा. दिवाळीचे कंदील, रद्दी, कुणीच मालकी सांगत नसलेला सोफा, सगळं आधी बाहेर. नागपुरात पारा 45 ला टेकला म्हणून वायर आपोआप पेटत नाही. पण साधी पीव्हीसी वायर 70 अंशांपर्यंतच तापायच्या हिशोबाने बनलेली असते, आणि भोवतालची हवाच 45 ची झाली की हाताशी उरतं काय? त्यात हल्ली रात्रीही गारवा नसतो. एसी-कूलर पहाटेपर्यंत चालू, जोडण्यांना थंडावायला उसंतच नाही. म्हणून मार्चअखेरीलाच इलेक्ट्रिशियनला बोलावून मेन स्विच आणि पॅनेलचे स्क्रू आवळून घ्या. प्लास्टिक तपकिरी पडलेलं किंवा जळका वास येत असलेला पॉइंट सरळ बदला.

एमसीबी (लोड जास्त झाला की आपोआप बंद होणारा स्विच) सारखा पडतोय म्हणून 16 अँपिअरचा काढून 32 चा बसवणारे महाभाग प्रत्येक बिल्डिंगमध्ये असतात. एमसीबी वायरला वाचवायला असतो, तुमच्या झोपेला नव्हे. पडत असेल तर लोड कमी करा, नाहीतर एसीला स्वतंत्र जाड वायर ओढा. दीड टनाचा एसी एक्स्टेंशन बोर्डावर अजिबात नको. कूलरचं अर्थिंग तपासा. गच्चीवर पडलेल्या गेल्या वर्षीच्या वाळ्याच्या ताट्या फेकून द्या, ठिणगी पडायचाच अवकाश असतो. ई-स्कूटर उन्हातून आणल्या आणल्या चार्जिंगला लावू नका, आणि जिन्याखाली तर कधीच नाही. खाली उतरायची वाट तीच. झाडलेला पालापाचोळा जाळू नये, हे झाडूवाल्याला नीट समजावून सांगा.

आता पाणी. टँकरच्या दिवसांत आग विझवायच्या टाकीतलं पाणी हळूच वापरात जातं, तेव्हा पातळी सेक्रेटरीने स्वतः पाहावी. फायर पंप डोळ्यांदेखत सुरू करून वरच्या मजल्यावर होज लावून बघा. आग विझवायची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा, कायद्याने लागणारा ‘बी’ फॉर्म जानेवारी आणि जुलैत भरायचा असतो. मे बरोबर मधे येतो, त्यामुळे फाइलमधल्या कागदावर विसंबू नका. 14 ते 20 एप्रिल अग्निशमन सेवा सप्ताह असतो, 1944 च्या मुंबई गोदीतल्या स्फोटात गेलेल्या जवानांच्या स्मरणार्थ. त्या आठवड्यात अग्निशमन दलाला विनंती करून प्रात्यक्षिक ठेवा. वॉचमन आणि घरकामाच्या ताईंनाही बोलवा, दुपारी घरात त्याच असतात. 101 नंबर लिफ्टपाशी ठळक लिहा आणि बंब वळेल एवढी जागा गेटजवळ मोकळी ठेवा, पाहुण्यांची गाडी असली तरी.