फिरत्या कृष्णविवराभोवती कणाची गती: उच्च मितींत या चुका टाळा

सगळ्यात जास्त घोळ मोजणीत होतो. पाच मितींचं मायर्स-पेरी कृष्णविवर (1986) घ्या, म्हणजे केरच्या फिरत्या कृष्णविवराचं उच्च मितींतलं रूप. सममितीतून तीन स्थिरांक (गतीत न बदलणाऱ्या राशी) मिळतात: ऊर्जा आणि दोन प्रतलांतले दोन कोनीय संवेग. कणाचं वस्तुमान धरून चार. लागतात पाच, मितीमागे एक. इथेच बरेच जण गती समाकलनीय (स्थिरांकांच्या जोरावर पूर्ण सोडवता येणारी) नाही असं ठरवून मोकळे होतात. पाचवा स्थिरांक संवेगात द्विघाती असतो आणि किलिंग टेन्सरमधून, म्हणजे अवकाशकाळाच्या छुप्या सममितीतून, येतो. केरच्या चार मितींतल्या कृष्णविवरासाठी असा स्थिरांक कार्टरने 1968 मध्ये शोधला. मायर्स-पेरीच्या बाबतीत मिती कितीही असोत, हिशेब पुरा होतो, हे पेज, कुबिझ्नाक, वासुदेवन आणि क्रतोऊश यांनी 2007 मध्ये सिद्ध केलं. मला हा निकाल आजही थक्क करतो.

उलटी चूकही होते. दोन प्रतलांतली परिवलनं (त्यांची मापं a आणि b) सारखी असली की सममिती वाढते आणि स्थिरांकांची यादी लांबते. पण त्यातल्या सगळ्यांचे आपापसातले पॉसाँ कंस (दोन स्थिरांक एकत्र मोजता येतात का, याची कसोटी) शून्य नसतात, त्यामुळे सरसकट मोजू नका. शिवाय x² = a²cos²θ + b²sin²θ हा सोयीचा निर्देशांक (θ हा कोन) इथे निकामी होतो: a = b ठेवलं की x बदलतच नाही. सरळ θ वापरा.

आता कोड. चलं वेगळी केल्यावर r च्या, म्हणजे त्रिज्येच्या, समीकरणात ±√R येतं; R हे r चं फलन, वळणबिंदूवर ते शून्य होतं. कण वळणबिंदूपाशी आला की एखादी पायरी पुढे पडते, R ऋण होतो आणि प्रोग्रॅम कोलमडतो. सुरुवातच R = 0 पासून केली तर कण जागचा हलत नाही. म्हणून हॅमिल्टनची समीकरणं (स्थान आणि संवेग कसे बदलतात ते सांगणारी, वर्गमूळ नसलेली) सोडवा आणि पाचही स्थिरांक दर काही पायऱ्यांनी तपासा. कार्टरसारखा स्थिरांक सरकू लागला, तर आधी पायरी लहान करून बघा.

न फिरणाऱ्या पाच मितींच्या कृष्णविवराभोवती स्थिर वर्तुळाकार कक्षा मिळाली, तर कोडवर संशय घ्या. न्यूटनच्या हिशेबातही तिथे विभवातलं आकर्षणाचं पद आणि केंद्रोत्सारी पद दोन्ही 1/r² ने बदलतात, त्यामुळे विभवात खळगा तयारच होत नाही.

आणि 2007 चा निकाल कृष्णवलयाला, म्हणजे वलयाच्या आकाराच्या कृष्णविवराला, लावू नका. एम्पारान आणि रीअल यांचं हे वलय (2002) पाच मितींतलंच, सममितीही तेवढ्याच, पण जिओडेसिकची (मुक्त कणाच्या मार्गाची) चलं तिथे सर्वसाधारणपणे वेगळी होत नाहीत. तिथे पॉइन्कारे छेद (कक्षा एका ठरावीक पृष्ठाला छेदते ते बिंदू) काढा आणि बिंदू वक्रावर बसतात (नियमित गती) की विखुरतात (अनियमित गती) ते पाहा.