मरायला टेकलेली हार्ड डिस्क: लिनक्सवर या चुका टाळा

फाइल उघडायला मिनिटभर लागतं, फोल्डर मध्येच गोठतं, डीमेसेजमध्ये (कर्नलचे संदेश दाखवणारी कमांड) 'आय/ओ एरर', म्हणजे वाचता-लिहिता न आल्याच्या ओळी दिसतात आणि मग अचानक काहीच सेव्ह होईना. डिस्क 'रीड-ओन्ली', म्हणजे फक्त वाचण्यापुरती, झालेली असते. उबुंटू किंवा डेबियनवर एक्स्ट-४ फाइलसिस्टिम चूक सापडल्यावर पुढचं नुकसान टळावं म्हणून हे स्वतःहून करते. अशा वेळी ती पुन्हा 'रीड-राइट' माउंट करून, म्हणजे लिहिता येईल अशी जोडून, काम रेटणं ही पहिली चूक.

दुसरी चूक सगळ्यात महाग पडते, ती म्हणजे एफएससीके (फाइलसिस्टिम तपासून दुरुस्त करणारी कमांड) चालवणं. नावात 'चेक' असलं तरी दुरुस्ती करताना ते डिस्कवर लिहितं. खराब ब्लॉक वाचता आला नाही की ते विचारतं, 'फोर्स रीराइट?' आणि आपण '-वाय' दिलेलं असेल तर प्रत्येक प्रश्नाला 'हो' म्हणून मोकळं होतं. आईच्या लॅपटॉपवर मी हेच केलं. आजोबांच्या आवाजातली रेकॉर्डिंग्ज त्यात होती. फोल्डर गेले, 'लॉस्ट+फाउंड'मध्ये (सापडलेले तुकडे ठेवायचा फोल्डर) नुसत्या आकड्यांच्या नावांच्या फाइली उरल्या. आजोबांच्या तीन रेकॉर्डिंग्ज सापडल्या, बाकीच्या नाहीत. म्हणून कळकळीने सांगतो: आधी कॉपी, मग दुरुस्ती, आणि दुरुस्तीही कॉपीवरच.

स्मार्ट ही डिस्कची स्वतःच्या तब्येतीची नोंद. ती दाखवणारी कमांड स्मार्टसीटीएल 'पास्ड' म्हणाली म्हणून निर्धास्त राहू नका. गूगलच्या २००७ सालच्या अभ्यासात बंद पडलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून अधिक डिस्कवर चार प्रमुख स्मार्ट संकेतांपैकी एकही दिसला नव्हता. 'पास्ड' या एका शब्दापेक्षा स्मार्टच्या यादीतल्या ५, १९७ आणि १९८ या क्रमांकांच्या नोंदींचे कच्चे आकडे पाहा. १९७ म्हणजे वाचता न येणारे, निकालाची वाट पाहणारे सेक्टर (डिस्कवरचे छोटे भाग). तो आकडा वाढत असेल तर आजच हालचाल करा. फक्त १९९ वाढत असेल तर बहुतेक दोष डिस्क जोडणाऱ्या साटा केबलचा असतो. आधी ती बदलून बघा.

कॉपीसाठी डीडी ही साधी कॉपी करणारी कमांड वापरू नका. ते पहिल्याच खराब सेक्टरवर थांबतं. जीएनयू डीडीरेस्क्यू घ्या. डेबियन-उबुंटूत पॅकेजचं नाव जीडीडीरेस्क्यू, कमांड मात्र डीडीरेस्क्यू. पहिल्या फेरीत '-डी -एन' द्या, म्हणजे सहज वाचता येणारा भाग आधी हाती येतो आणि खराब जागांवर डिस्क झिजत नाही. दुसऱ्या फेरीत '-डी -आर३' देऊन उरलेल्या जागांवर पुन्हा प्रयत्न करा. मॅपफाइल द्यायला विसरू नका. काय वाचून झालं आणि काय राहिलं याची नोंद तिच्यात असते, त्यामुळे मध्ये वीज गेली तरी काम तिथूनच पुढे सुरू होतं. लाइव्ह यूएसबीवरून (पेन ड्राइव्हवरून चालणारं लिनक्स) काम करताना ही मॅपफाइल होम फोल्डरमध्ये ठेवू नका. तो सहसा रॅममध्ये असतो, रीबूट झाला की नोंद गेली. ती इमेजसोबत (डिस्कची हुबेहूब कॉपी असलेली फाइल) चांगल्या डिस्कवरच ठेवा. २ टीबीची निरोगी डिस्कसुद्धा सेकंदाला १०० एमबी वेगाने साडेपाच तास घेते, आजारी डिस्कला दिवसही लागू शकतात. तिला घाई करू नका.

एंटर दाबण्याआधी एलएसबीएलकेमध्ये (डिस्कची यादी दाखवणारी कमांड) आकार, मॉडेल आणि सिरीयल नंबर तपासा. एसडीए-एसडीबी ही नावं रीबूटनंतर बदलू शकतात. स्रोत आणि लक्ष्य यांची अदलाबदल झाली तर नंतर काहीही करता येत नाही.

डिस्क टकटक आवाज करत असेल तर यातलं काहीच करू नका. वीज तोडा. फ्रीजरमध्ये ठेवायचा जुना उपायही नको, आत दव धरतं. डेटा मोलाचा असेल तर थेट रिकव्हरी लॅब गाठा.

इमेज तयार झाली की एक्स्ट-४ साठी ती 'आरओ, नोलोड' देऊन माउंट करा. नुसतं 'आरओ' (रीड-ओन्ली) दिलं तर जर्नल, म्हणजे अर्धवट राहिलेल्या बदलांची नोंद, पुन्हा चालवलं जाऊ शकतं. माउंट झाली नाही तर इमेजची आणखी एक प्रत काढून एफएससीके तिच्यावर चालवा. तेही फसलं तर फायली शोधून काढणारा फोटोरेक हा प्रोग्राम आहे. नावं मिळत नाहीत, पण फोटो आणि आवाज बऱ्याचदा मिळतात.

जुनी डिस्क फॉरमॅट केल्यावर १९७ चा आकडा कधी कधी शून्यावर येतो. त्या शून्यावर विसंबून तिच्यावर पुन्हा बॅकअप ठेवू नका.