क्रीटच्या घळींत बसने ट्रेक करताय? या चुका टाळा

ग्रीसच्या क्रीट बेटावरची समारियाची घळ उतरून माणसं आया रूमेली या किनाऱ्यावरच्या गावात पोहोचतात, बूट काढतात, काहीतरी थंड मागवतात आणि हॉटेलवाल्याला विचारतात, "हान्याची बस कुठून सुटते?"

सुटतच नाही. आया रूमेलीला बाहेरून येणारा गाडीरस्ताच नाही. मागे घळ, पुढे लिबियन समुद्र. बाहेर पडायचं ते बोटीने, आणि बस मिळते ती बोट जिथे लागते तिथे.

पश्चिम क्रीटमध्ये भाड्याच्या गाडीशिवाय ट्रेक करणं सोपं आहे. उलट घळीसाठी बसच सोयीची, कारण घळ एका टोकाला सुरू होते आणि दुसऱ्या टोकाला संपते. गाडी वर ठेवली तर तिच्यासाठी पुन्हा वर जावं लागतं. उत्तरेला हान्या शहर, दक्षिणेला समुद्र, मध्ये लेफ्का ओरी म्हणजे 'पांढरे डोंगर'. त्यातलं सर्वांत उंच शिखर पाख्नेस २४५३ मीटर, कळसूबाईपेक्षा आठशे मीटरने जास्त. या डोंगरांतून दक्षिणेकडे घळी उतरतात आणि त्यातल्या काही नावाजलेल्या घळींच्या माथ्यापर्यंत 'केटेल'ची बस जाते. ग्रीसमध्ये आंतरशहर बससेवेला सरसकट केटेल म्हणतात. तर चुका चालण्यात कमी आणि बसच्या हिशेबात जास्त होतात.

बस आणि बोट वेगवेगळी धरणं

ही सगळ्यांत मोठी चूक, म्हणून हिच्यावर जरा थांबतो.

समारियाचा दिवस असा असतो: सकाळी हान्याहून ओमालोसच्या पठारावर बस, साधारण एक तास. तिथून क्सिलोस्कालो, म्हणजे 'लाकडी जिना', या सुमारे १२३० मीटर उंचीवरच्या दारातून आत शिरायचं आणि १६ किलोमीटर उतरून समुद्रसपाटीला यायचं. यातले १३ किलोमीटर राष्ट्रीय उद्यानात, उरलेले उद्यानाच्या दारापासून किनाऱ्यापर्यंत. मग संध्याकाळची बोट. हंगामात ती बहुधा साडेपाचच्या सुमाराला असते. एक बोट पूर्वेला लूत्रोमार्गे होरा स्फाकियोन या गावाला जाते, दुसरी पश्चिमेला सूया या गावाला. दोन्हीकडे बोटीला जोडून हान्याची बस उभी असते, आणि ती बोट आल्याशिवाय सहसा हलत नाही.

म्हणजे हिशेब साडेपाचपासून उलटा करायचा. घळीला पाच ते सात तास लागतात. किनाऱ्यावर जेवायला, पाय पाण्यात सोडायला एक-दोन तास हवेतच. म्हणून हान्याहून पहाटेची पहिलीच बस. "नाश्ता करून आरामात निघू" म्हणणारे दहाच्या सुमाराला आत शिरतात आणि शेवटचे तीन किलोमीटर घड्याळाकडे बघत पळतात. उद्यानाच्या दाराबाहेरून गावापर्यंत थोड्या पैशांत एक छोटी गाडी सोडते. तेव्हा लाजू नका, बसा.

परतीचं तिकीट काढताना कुठल्या गावाहून परत येणार ते खिडकीवरच स्पष्ट सांगा. हान्याच्या पूर्वेच्या रेथिम्नो शहरात मुक्काम असेल तर स्फाकियोनची बाजू सोयीची, कारण ती बस व्रिसेस गावावरून जाते आणि तिथे गाडी बदलता येते.

उतार म्हणजे सोपं, असं समजणं

आपल्याकडे सकाळी गड चढायचा आणि दुपारी उतरायचा. दमछाक आधी, आराम नंतर. इथे उलटं आहे. पहिल्या दोन-तीन किलोमीटरमध्येच वाट शेकडो मीटर खाली कोसळते, आणि सकाळच्या गारव्यात तरातरा उतरलेल्यांचे गुडघे दुपारी बोलायला लागतात. नवे बूट असतील तर पायाच्या बोटांची नखं काळीनिळी ठरलेली. नखं आदल्या रात्री कापा, बुटाची नाडी घोट्याजवळ घट्ट बांधा, काठी असेल तर इथेच काढा.

पाण्याची चिंता नको. वाटेत झऱ्याचं पाणी मिळणारी ठिकाणं आहेत, बाटली भरत राहायची. खायला मात्र आत काही मिळत नाही. हान्यातल्या बेकऱ्या लवकर उघडतात. चीज किंवा पालेभाजी भरलेली कालित्सूनिया डब्यात टाका, शाकाहाऱ्यांचा प्रश्न तिथेच सुटतो.

उद्यानाचं तिकीट फेकू नका, बाहेर पडताना ते बघतात. आत कोणी राहून गेलं नाही ना, हे त्यावरून कळतं. घळीत मुक्कामाला बंदी आहे. १९६२मध्ये उद्यान झालं तेव्हा समारिया गावातल्या लोकांनाही घरं सोडावी लागली. ती दगडी घरं साधारण अर्ध्या वाटेवर लागतात.

गुडघे आधीच कुरकुरत असतील तर घळ खालून बघा. होरा स्फाकियोनहून सकाळच्या बोटीने आया रूमेलीला यायचं, 'लोखंडी दरवाजा' म्हणतात त्या जेमतेम चार मीटर रुंद चिंचोळ्यापर्यंत जायचं आणि परतायचं. याला तिथे 'आळशी समारिया' म्हणतात, पण घळीतला सर्वांत देखणा तुकडा हाच आहे.

वेळापत्रक नुसतं डोळ्यांनी वाचणं

मोठ्या स्थानकात इंग्रजी वेळापत्रक असतं. गावातल्या कागदावर ग्रीकच. दोन सापळे लक्षात ठेवा.

पहिला: 'काथिमेरिना' म्हणजे दररोज आणि 'काथिमेरिनेस' म्हणजे फक्त सोमवार ते शुक्रवार. शेवटच्या अक्षरांचा फरक, पण शनिवारी सकाळी थांब्यावर उभं राहिल्यावर तो फार मोठा वाटतो.

दुसरा जास्त बेरकी. वेळेपुढे ग्रीक 'पी' आणि 'मी' अशी दोन अक्षरं असतात. ती आपल्याला सरळ 'पी.एम.' वाटतात. अर्थ मात्र 'प्रो मेसिम्व्रियास', म्हणजे मध्यान्हीच्या आधी, सकाळ! दुपारनंतरसाठी 'मी मी' असतं. मी स्वतः एका गावात संध्याकाळी सात वाजता, सकाळीच निघून गेलेल्या बसची वाट बघत बसलो होतो. बाकावरच्या आजोबांनी अर्धा तास माझी गंमत बघितली आणि मग सांगितलं.

हान्या हे नाव इंग्रजीत तीन-चार तऱ्हांनी लिहिलेलं सापडेल. ग्रीक पाटीवर पहिलं अक्षर फुलीसारखं असतं. 'चानिया' म्हणू नका, 'हान्या' म्हणा. रेथिम्नोच्या पाटीवरचं पहिलं अक्षर इंग्रजी 'पी'सारखं दिसतं, ते 'र' आहे.

आणि हो, ड्रायव्हरला "सूया?" विचारलं आणि तो "ने" म्हणाला, तर खाली उतरू नका. ग्रीकमध्ये 'ने' म्हणजे होय. नाहीला 'ओही'. मराठी कानाला हे जड जातं.

ऑर्थोडॉक्स ईस्टर, १ मे आणि १५ ऑगस्ट या तिथल्या सुट्ट्यांच्या दिवसांच्या फेऱ्या आदल्या दिवशी खिडकीवर विचारून घ्या. हिवाळ्यात तर आडगावच्या बस शाळांच्या वेळेवर चालतात. शाळेला सुट्टी की कधी कधी बसलाही.

मधल्या थांब्यावर निवांत बसणं

वेळापत्रकात वेळ असते ती सुटण्याच्या ठिकाणची. मध्ये इम्ब्रोस किंवा आया इरिनी या घळींच्या माथ्यावर बस कधी येईल, हे तुम्ही अंदाजाने काढायचं. एस.टी.ने फिरलेल्या माणसाला हे नवीन नाही. अंदाजाच्या पंधरा-वीस मिनिटं आधी रस्त्याच्या योग्य बाजूला, ड्रायव्हरला दिसाल असं उभं राहायचं आणि हात दाखवायचा. सावलीसाठी समोरच्या कॉफीच्या दुकानात बसलात तर बस थांबणार नाही. त्याला कसं कळणार तुम्हाला जायचंय? वाटेत चढलात तर पैसे बसमध्येच द्यावे लागतात. सुट्टे युरो ठेवा.

हान्यात स्थानक चुकवू नका. शहर बस आणि केटेल वेगळ्या ठिकाणाहून सुटतात. केटेलचं स्थानक किदोनियास रस्त्यावर आहे. पहिली बस भरली तर हंगामात बहुधा मागे दुसरी गाडी लावतात, तेव्हा रांग बघून घाबरून टॅक्सी करू नका.

घळ बंद असेल, हे न धरणं

समारिया साधारण मे ते ऑक्टोबर उघडी असते. वसंतात पाणी ओसरलं नसेल तर उशिरा उघडते. पाऊस, दरड, कडक ऊन किंवा वणव्याचा धोका असला की मध्येच बंद होते. सहलीचा शेवटचा दिवस समारियासाठी ठेवणं म्हणजे जुगार. पहिल्या-दुसऱ्या दिवशी ठेवा, मागे एक दिवस मोकळा.

बंद असली तर रडत बसू नका. इम्ब्रोसची घळ सुमारे आठ किलोमीटर. हान्या–होरा स्फाकियोन बस तिच्या तोंडाशी सोडते आणि घळ खाली कोमिताडेसला संपते. मे १९४१मध्ये क्रीटच्या लढाईत माघार घेणारं दोस्त सैन्य याच भागातून स्फाकियाच्या किनाऱ्याकडे उतरलं होतं. कोमिताडेसला पिकअपवाले परत वर न्यायला उभे असतात. दर आधी ठरवा.

माझी आवडती मात्र आया इरिनी. सूयाच्या बसने माथ्यावर उतरायचं, साडेसात किलोमीटर झाडीतून खाली, आणि मग सूयापर्यंत डांबरी रस्त्याची पायपीट. हा शेवटचा टप्पा बरेच जण धरत नाहीत आणि भर उन्हात सापडतात. सूयात राहिलात तर दुसऱ्या दिवशी लिसोसचे प्राचीन अवशेष दीड तासावर आहेत, तेही बसशिवाय.

तरीही फसलात तर

बोट चुकली, किंवा वारा सुटून बोटच रद्द झाली, तर आया रूमेलीत खोल्या मिळतात. मुक्काम करा. लूत्रोकडे जाणारी किनाऱ्याची वाट आहे, पण ती पाच-सहा तासांची. दमलेल्या पायांनी संध्याकाळी तिच्या वाटेला जाऊ नका. हान्यातल्या हॉटेलला फोन करून सांगा, नाहीतर ते काळजीत पडतील.

घळीत पाय मुरगळला तर बसून राहा आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांकडून पुढच्या चौकीवर निरोप पाठवा. फोनला बऱ्याच ठिकाणी रेंज नसते. रेंज असेल तिथे ११२. जखमी माणसाला बाहेर काढायला खेचर येतं. जखमी माणसालाही साडेपाचची बोट गाठायची असते, म्हणून निरोप उशिरा पाठवू नका.