हायलँड्सचा शिपाई, लाजरी नायिका आणि जालन्याची असई : ऐतिहासिक प्रेमकादंबरी कशी लिहावी

स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखातील, म्हणजे हायलँड्समधील ऐतिहासिक प्रेमकथा मराठीत लिहू पाहणाऱ्या मराठवाड्यातील लेखकापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो अधिकाराचा. जो मुलूख डोळ्यांनी पाहिला नाही, जिथला पाऊस अंगावर घेतला नाही, तिथल्या माणसांच्या मनात शिरायचे कसे? या प्रश्नाला बगल दिली की धुक्यातला किल्ला, चौकड्यांचे वस्त्र नेसलेला धिप्पाड सरदार आणि त्याच्या एका कटाक्षाने लाजून चूर होणारी तरुणी एवढेच भांडवल हाती उरते, आणि तेवढ्यावर कादंबरी पेलत नाही. माझे म्हणणे असे की, या विषयात शिरण्याची मराठवाड्याच्या लेखकाची स्वतःची एक वाट आहे आणि ती जालना जिल्ह्यातील असई या गावावरून जाते.

२३ सप्टेंबर १८०३ रोजी असईजवळ दौलतराव शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजांची गाठ आर्थर वेलस्लीच्या फौजेशी पडली. हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. त्याच्या पायदळात मद्रासकडील देशी शिपायांच्या पलटणींखेरीज गोऱ्यांच्या दोनच पलटणी होत्या, ७४ वी आणि ७८ वी, आणि त्या दोन्ही हायलँडर होत्या. त्यांपैकी ७४ वी पलटण १७८७ मध्ये मुळात हिंदुस्थानातील चाकरीसाठीच उभी केली गेली होती. आपल्या कादंबरीचा शिपाई या ७४ व्या पलटणीतला असावा, अशी माझी आग्रहाची शिफारस आहे. त्या दिवशी उजव्या बगलेच्या आघाडीवरील तुकडी ठरलेली दिशा सोडून असई गावाच्या फारच जवळ गेली, तिच्यामागोमाग ७४ वी पलटणही गेली, आणि गावाभोवतीच्या तोफांनी व शिंद्यांच्या घोडदळाने तिची दाणादाण उडवली. पलटणीतले बहुतेक सर्व अधिकारी ठार किंवा जखमी झाले. उरलेल्यांनी मृतदेहांचाच आडोसा करून तग धरला. अशा जागेहून जिवंत परतलेल्या माणसाचे मौन लेखकाला वेगळे घडवावे लागत नाही.

या निवडीने कादंबरीचा काळही ठरून जातो. १८०६ च्या आरंभी ही पलटण विलायतेस परतली. जे धडधाकट होते आणि हिंदुस्थानातच राहू इच्छीत होते, ते त्याआधी इतर पलटणींत वर्ग झाले होते. म्हणजे आपला शिपाई १८०६ च्या वसंतात, पश्चिम हायलँड्समधील अर्गाइल परगण्यातल्या आपल्या गावी, साधारण तिशीचा आणि पायाने अधू होऊन परततो. कथा तिथून सुरू करावी.

त्याच्या आठवणी लिहिण्यापूर्वी लेखकाने सप्टेंबरच्या शेवटी असईला जाऊन यावे. केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात ही लढाई झाली. तिथे पाऊस नुकताच ओसरलेला असताना काळ्या रानातून चालून पाहावे. जोड्याला चिकटणारा चिखल, पाऊल उचलताना येणारे त्याचे वजन, नदीकाठची दरड, समोरचे गाव किती जवळ दिसते आणि तिथवर पोहोचायला किती वेळ लागतो, हे सगळे नोंदवून घ्यावे. वेलस्लीला वाटाड्यांनी नदीला उतार नाही असे सांगितले होते. परंतु पिंपळगाव आणि वरूड ही दोन गावे नदीच्या दोन काठांवर समोरासमोर वसलेली पाहून त्याने ताडले की इतक्या जवळच्या गावांमध्ये येण्याजाण्याची वाट असणारच, आणि तसा उतार खरोखर निघाला. ही गोष्ट इतिहासाच्या पुस्तकांत सेनापतीच्या हुशारीचा दाखला म्हणून येते. कादंबरीत मात्र ती शिपायाच्या नजरेतून यावी. ओढ्यानाल्यांच्या मुलखात वाढलेला हा माणूस छातीइतक्या पाण्यातून बंदूक डोक्यावर धरून जाताना आपल्या गावच्या उताराची आठवण काढील, आणि तीन वर्षांनी गावचा ओढा ओलांडताना त्याला केळणा आठवेल. लढाईचे सलग वर्णन एकदाच आणि तेही आटोपशीर करावे. बाकीची असई अशा तुकड्यांतून येऊ द्यावी.

इथे एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. असई ही आपल्या माणसांचीही लढाई आहे. शिंद्यांच्या तोफांवरचे गोलंदाज तोफा सोडून हटले नाहीत, आणि इंग्रजांची रांग पुढे सरकल्यावर मेल्यासारखे पडून राहिलेले काही गोलंदाज उठून त्याच तोफा त्यांच्या पाठीवर डागू लागले, हे इंग्रजांनीच लिहून ठेवले आहे. त्यातच तो काळ दख्खनच्या दुष्काळाचा होता. होळकरी धामधुमीने आणि रुसलेल्या पावसाने मुलूख उजाड झाला होता. मराठी लेखकाने आपल्या हायलँडर नायकाला सहानुभूती देताना या माणसांना पडद्याचे चित्र करू नये. शिपायाच्या मनात घर करून राहिलेला एखादा चेहरा त्या बाजूचा असू द्यावा, मग तो तोफेच्या चाकाला टेकून मेलेला गोलंदाज असो किंवा ओस गावात मागे राहिलेली म्हातारी असो. नायिकेला तो सर्वांत शेवटी जे सांगेल, ते याच चेहऱ्याविषयी असावे.

आता नायिका. लाजरेपणा विशेषणांनी सांगण्याची सवय पहिल्यांदा मोडली पाहिजे. “ती फार लाजाळू होती, त्याला पाहताच तिचे गाल आरक्त झाले” या वाक्यातून वाचकाला माणूस दिसत नाही. त्याऐवजी तिचे काम दाखवावे. हायलँड्समध्ये जळण म्हणून पीट वापरत. दलदलीत साचून घट्ट झालेला हा काळा थर मे महिन्याच्या सुमारास विटांसारखा कापून वाळवायचा आणि टोपल्यांनी पाठीवरून घरी आणायचा. हे कळले की पुढीलप्रमाणे लिहिता येते :

“पीटची टोपली पाठीवर होती तोवर ती त्याच्याशी बोलली, कारण ओझे वाहणाऱ्याला मान वर करावी लागत नाही. टोपली उतरवल्यावर हातांचे काय करावे हे तिला कळेना. शेवटी तिने रिकामी टोपलीच पुन्हा पाठीवर घेतली आणि जायला निघाली.”

या तीन वाक्यांत गालांचा उल्लेख नाही, तरी मुलगी कळते. संपूर्ण कादंबरीत तिचा संकोच असाच तिच्या हातांतून, कामातून आणि टाळलेल्या वाटांतून यावा. त्याबरोबर एक जागा अशी ठेवावी जिथे ती मुळीच लाजत नाही. हायलँड्समधील घरांचा रोख पैसा प्रामुख्याने काळ्या ठेंगण्या गुरांच्या विक्रीतून येई. व्यापारी ती गुरे हाकत दक्षिणेकडे फॉलकर्कच्या बाजारात नेत. नायिकेला जनावराची पारख असू द्या. बापाने पडत्या भावात गाय द्यायचे कबूल केलेले असताना ती दाराआडून एकच वाक्य बोलते, आणि ते ऐकून शिपाई पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहतो. प्रेमकथेत नायकाने नायिकेकडे का पाहिले याचे उत्तर तिच्या रूपापलीकडचे असले म्हणजे पुढची दोनशे पाने सोपी जातात.

तिच्या लाजेची खरी कसोटी लागेल असा प्रसंग त्या समाजातच तयार आहे. विणलेले लोकरी कापड घट्ट करण्यासाठी बायका ते शिळ्या मूत्रात भिजवून, लांब फळीभोवती समोरासमोर बसून एका तालात आपटत आणि त्या तालावर गाणी म्हणत. एक जण कडवे उचले, बाकीच्या धृपद धरत. आपल्याकडे माजघरात ज्याचा उच्चार होत नाही ते जात्यावरच्या ओवीत मोकळेपणाने येते. तीच मोकळीक या फळीभोवती होती. पश्चिम हायलँड्समध्ये आणि बेटांवर या गाण्यांचा एक प्रकार खास थट्टेचा होता : लग्नाच्या मुलीचे नाव गावातल्या एखाद्या पुरुषाशी जोडायचे, आणि तिने ते गाण्यातच मान्य करायचे किंवा झिडकारायचे. धृपदाच्या आवाजात आपला आवाज लपवत आलेल्या मुलीवर जेव्हा ही पाळी येते आणि परतलेल्या शिपायाचे नाव फळीवर पडते, तेव्हा सगळ्याजणी तिच्या उत्तरासाठी ताल धरून थांबलेल्या असतात. हा प्रसंग कादंबरीच्या साधारण मध्यावर ठेवावा आणि तो घाईने उरकू नये. ओल्या लोकरीचा उग्र वास, लाल झालेले तळवे, दुसऱ्यांदा फिरून आलेले तेच धृपद, हे सगळे येऊ द्यावे.

दोघांना जोडणारा धागा म्हणून मी एक जुनी लष्करी रीत सुचवतो. मेलेल्या शिपायाच्या चीजवस्तूंचा पलटणीतच लिलाव होई आणि आलेले पैसे वारसांना पाठवले जात. नायिकेचा भाऊ असईला पडला आणि त्याचा बायबलचा नवा करार आपल्या शिपायाने त्या लिलावात विकत घेतला, असे धरावे. हायलँड्सच्या गेलिक भाषेतील नवा करार १७६७ मध्येच छापून निघाला होता, तेव्हा सामान्य शिपायाच्या झोळीत तो असणे शक्य कोटीतले आहे. पुस्तकाभोवतीच्या फडक्याची शिवण नायिकेच्या आईच्या हातची आहे. शिपाई ते पुस्तक आणून देत नाही. दिले तर ते तुला कसे मिळाले, हा प्रश्न येईल आणि पाठोपाठ असईची सगळी हकीकत सांगावी लागेल. ती विचारू शकत नाही आणि तो सांगू शकत नाही, या कोंडीवर कादंबरीचा पूर्वार्ध सहज चालतो, आणि त्यासाठी कोणी कपटी चुलता किंवा मत्सरी जमीनदार निर्माण करावा लागत नाही.

अडथळे इतिहासानेच पुरवलेले आहेत. १८०६ पूर्वी शिपाई सहसा मुदतीविना, म्हणजे जवळजवळ जन्मभरासाठी भरती होई; जखमेमुळे नाव कमी झाले तरच सुटका, आणि लंडनमधील चेल्सीच्या, जुन्या सैनिकांसाठीच्या संस्थेकडून मिळणारे निवृत्तिवेतन अगदी तुटपुंजे. लग्नाला वरिष्ठांची परवानगी लागे आणि पलटणीबरोबर परदेशी जाण्याची मुभा मोजक्याच बायकांना मिळे. केप ऑफ गुड होपला वळसा घालून येणाऱ्या जहाजाला सहा-सहा महिने लागत, त्यामुळे भावाच्या मृत्यूची बातमी घरी पोहोचेपर्यंत किती दिवस गेले असतील याचा हिशेब लेखकाने मांडून ठेवावा. गावाकडे याच सुमारास जमीनदार मेंढरांसाठी कुळे उठवत होते. कॅनडाला जायचे तर १८०३ च्या कायद्याने जहाजांवर अनेक अटी घालून तो प्रवास महाग करून ठेवला होता. यांपैकी दोन गोष्टी घट्ट धरल्या तरी पुरे आहेत, सगळ्या एकदम आणल्या तर कादंबरीचा निबंध होईल.

वेशभूषेबद्दल थोडक्यात. कलोडनच्या लढाईत १७४६ मध्ये हायलँड्समधील बंडखोरांचा पराभव झाल्यानंतर हायलँडच्या वेशावर कायद्याने बंदी आली, पलटणींतील शिपायांना तेवढी सूट होती, आणि ती बंदी १७८२ मध्ये उठली. प्रत्येक कुळाचा, म्हणजे घराण्याचा, ठरावीक चौकड्यांचा नमुना ही कल्पना बरीचशी १८२२ मधील राजा चौथ्या जॉर्जच्या एडिंबरो भेटीनंतर रुजली. म्हणून १८०६ च्या कथेत “त्याच्या चौकड्यांवरून तिने त्याचे कूळ ओळखले” असे वाक्य लिहू नये.

संवादांच्या बाबतीत मराठीजवळ एक देणगी आहे. गेलिकमध्येही एकेरी आणि आदरार्थी संबोधन वेगळे आहे. नायिका शिपायाला आरंभापासून अहो-जाहो करील आणि तो तिच्या भावाचा सोबती म्हणून तिला एकेरी बोलावील. ती पहिल्यांदा “तू” कुठे म्हणते ते पान लेखकाने आधीच ठरवावे आणि तोवर तो शब्द तिच्या तोंडी चुकूनही येऊ देऊ नये. गावकऱ्यांची भाषा साधी, खेड्यातली मराठी असावी. परंतु अर्गाइलच्या म्हातारीच्या तोंडी असईच्या भोकरदन तालुक्याची बोली सरसकट घालू नये, कारण मग असईचे प्रसंग येतील तेव्हा खऱ्या भोकरदनकराला बोलायला वेगळी भाषा उरणार नाही.

अभ्यासासाठी दोन ठिकाणे पुरेशी फलदायी आहेत. सर जॉन सिंक्लेअर यांनी १७९१ ते १७९९ या काळात स्कॉटलंडच्या प्रत्येक पॅरिशच्या, म्हणजे चर्चच्या हद्दीतील गावांच्या, पाद्र्याकडून माहिती मागवून २१ खंडांत प्रसिद्ध केली; त्यात पिके, मजुरी, जळण, शाळा, स्थलांतर असे बारीक तपशील आहेत. असईच्या बाजूसाठी वेलस्लीचा छापील पत्रव्यवहार आणि त्या लढाईत त्याच्यासोबत असलेल्या माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनची पत्रे वाचावीत. हे सारे इंग्रजांच्या बाजूचे आहे, याचे भान ठेवून वाचावे.

शेवटाकडे जाताना स्कॉटलंडच्या विवाहविषयक कायद्याचा लेखकाला मोठा उपयोग होतो. इंग्लंडमध्ये १७५३ च्या कायद्यानंतर चर्चमधील विधीवाचून लग्न वैध ठरत नसे. स्कॉटलंडला तो कायदा लागू नव्हता. तिथे स्त्री-पुरुषांनी एकमेकांना पती-पत्नी म्हणून स्पष्ट शब्दांत स्वीकारले की लग्न कायदेशीर होई, आणि ही पद्धत १९४० पर्यंत टिकली. चर्चची मंडळी अशा जोडप्याला बोलावून कान उपटत, पण लग्न मोडू शकत नसत. म्हणजे आपल्या कथेतील लग्न पाद्री, वाजंत्री किंवा मेजवानी यांवाचून होऊ शकते. लागते ते एवढेच की जिने आजवर चारचौघांत आवाज उंचावला नाही, तिने स्वतःच्या तोंडाने ते वाक्य म्हणावे. ते वाक्य लिहिताना तिच्या तोंडी भाषण घालू नये. दोन साक्षीदार उभे करावेत, त्यांतला एक तिचा बाप असावा, आणि तिला जेवढे शब्द कायद्याने लागतात तेवढेच बोलू द्यावेत.