घरच्या जेवणाचा मुलांना अभिमान वाटावा, तर या चुका टाळा

"आमच्या वेळी असले नखरे नव्हते, पुढ्यात येईल ते खायचो." बऱ्याच घरांत मुलांच्या खाण्याचा विषय या वाक्याने निघतो आणि तिथेच बिनसतो. पिझ्झाला नावं ठेवून भाकरीची गोडी लागत नाही. मुलाला दोन्ही आवडू शकतात, आवडू द्या.

दुसरी चूक डब्यातली. घरी थालीपीठ, शाळेत मात्र सँडविच, कारण "बाकीची मुलं काय म्हणतील?" ही लाज मुलाची नसते, आपली असते. थालीपीठ गारही छान लागतं, सोबत दाण्याची चटणी द्या. आणि भाजणीत ज्वारी, बाजरी, तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडीद, धणे भाजून घालतो, हे मुलाला ठाऊक असू द्या. वर्गात कुणी विचारलं तर ते तोंडावर हवं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे मुलांना नुसतं खायला बसवणं. हात पिठात गेल्याशिवाय पदार्थ आपला वाटत नाही. सुट्टीच्या दिवशी भाकरी थापायला द्या. थापताना कडा फाटत असतील तर दोष मुलाचा नाही. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो, आणि पीठ जुनं असेल तर त्याची विरी, म्हणजे धरून राहण्याचा गुण, जाते. ताजं दळलेलं पीठ घ्या, कडकडीत पाणी घाला, हाताला सोसेल इतपत निवालं की तळहाताने चांगलं रगडून मळा. मुलाला लिंबाएवढाच गोळा द्या. तव्याचं काम तुमच्याकडे ठेवा, पण त्याला दाखवा: वरून पाणी फिरवायचं आणि ते पुरतं वाळायच्या आत भाकरी उलटायची. उशीर झाला की चिरा पडतात, मग ती फुगत नाही. त्याची वेडीवाकडी भाकरी पाहुण्यांना हसत दाखवू नका. आधी आपल्या ताटात वाढून घ्या.

पुरणपोळी आणि मोदकांवरच थांबू नका. खानदेशातलं घर असेल तर कळण्याची भाकरी, कोकणातलं असेल तर कुळथाची पिठी. आई एकीकडची, बाबा दुसरीकडचे असतील तर दोन्हीकडचं शिकवा. भोगीच्या आदल्या दिवशी मुलाला मंडईत न्या. पावटा, ओला हरभरा, गाजर, वांगी त्यालाच निवडू द्या, म्हणजे ही भाजी जानेवारीतच का होते ते वेगळं सांगावं लागत नाही.

शेवटचं, पण मला फार महत्त्वाचं वाटतं. "हे सगळं हजारो वर्षांपासून आपलंच" असं ठोकून देऊ नका. साबुदाण्याच्या खिचडीतला साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो, शेंगदाणा, मिरची, बटाटा, सगळं मूळचं अमेरिका खंडातलं. मिरची इथे पोर्तुगीजांमुळे आली. मोठी मुलं हे कधीतरी वाचणारच, तेव्हा तुम्हीच आधी सांगा. परक्या जिन्नसांतून आपल्या माणसांनी उपवासाचा एवढा लाडका पदार्थ घडवला, ही गोष्ट मुलांना खोट्या बढाईपेक्षा जास्त भावते. मग त्यांना आजीकडे पाठवा, तिच्या लहानपणी उपवासाला काय करायचे ते विचारायला. वरीच्या तांदळाचं नाव निघालं, तर कृती वाटी-चिमटीच्या मापासकट वहीत उतरवून घेऊ द्या.